बूम लिफ्टच्या टिल्ट सेन्सरमधील दोषांचे निदान

बूम लिफ्टचा टिल्ट सेन्सर म्हणजे उंचावर काम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्वचालित बूम लिफ्ट या यंत्राचा कल मोजणारा संवेदक होय. यंत्र ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक कललेले असल्यास हा संवेदक नियंत्रकाला संकेत देतो. त्यानंतर भोंगा वाजतो, बास्केटमधील इशारादिवा लागतो आणि अनेक आधुनिक यंत्रांत बूम आणखी वर नेण्याची किंवा यंत्र पुढे चालवण्याची क्रिया रोखली जाते. या संवेदकात दोष निर्माण झाल्यास दोन परस्परविरुद्ध परिणाम संभवतात. सपाट जमिनीवरील यंत्र विनाकारण अडून बसते, किंवा उतारावर उभे असलेले यंत्र कोणताही इशारा न देता काम करू देते. पहिल्या प्रकारात काम थांबत असल्याने त्याची तक्रार त्याच दिवशी होते. दुसऱ्या प्रकारात काम सुरळीत चालू राहते व दोष तपासणीखेरीज उघडकीस येत नाही. त्यामुळे भोंगा बंद झाला एवढ्यावरून दुरुस्ती पूर्ण झाली असे मानता येत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील जॉन एल. ग्रोव्ह यांच्या जेएलजी कंपनीने १९७० मध्ये आपली पहिली स्वचालित बूम लिफ्ट बाजारात आणली. चाकांचा सांगाडा म्हणजे चासिस, त्यावर गोल फिरणारे टर्नटेबल, टर्नटेबलवर लांबणारा अथवा सांध्यांत दुमडणारा बूम आणि बूमच्या टोकाला माणसे उभी राहण्याची बास्केट अशी तिची रचना असते. बास्केटमधील ऑपरेटर तेथूनच सर्व हालचाली नियंत्रित करतो. आयएसओ १६३६८ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वर्गवारीत अशी यंत्रे ‘गट ब, प्रकार ३’ मध्ये येतात. गट ब म्हणजे ज्यांच्या बास्केटमधील भार चाकांच्या आधाररेषेबाहेर जाऊ शकतो ती यंत्रे आणि प्रकार ३ म्हणजे बास्केट वर असतानाही बास्केटमधूनच चालवता येणारी यंत्रे. कात्रीसारखी सरळ वर जाणारी सिझर लिफ्ट गट अ मध्ये मोडते. भार आधाराबाहेर जात असल्यामुळे बूम लिफ्टच्या बाबतीत कलाचे महत्त्व अधिक आहे.

हे महत्त्व साध्या त्रिकोणमितीने स्पष्ट होते. बूम सरळ वर उभा करून बास्केट २० मीटर उंचीवर नेली असता जमिनीचा कल १ अंशाने वाढला, तर बास्केट उताराच्या बाजूला सुमारे ३५ सेंटिमीटर सरकते. कल ५ अंश असल्यास हे अंतर १.७५ मीटर होते. बास्केटची भारक्षमता अनेक यंत्रांत २३० किलोग्रॅमच्या आसपास असते, मात्र तिच्याबरोबर बूमचे स्वतःचे कित्येक पट अधिक वजनही उताराकडे झुकत असते. उंचावरील कार्यमंचांच्या सुरक्षेसाठी काम करणारी आयपीएएफ ही आंतरराष्ट्रीय संघटना जगभरातील अपघातांच्या नोंदी संकलित करते. बास्केटमधून पडणे, विजेचा धक्का आणि अडथळ्यात अडकणे यांच्याबरोबर यंत्र उलटणे हे या नोंदींत मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे.

कल मर्यादा आणि चढण क्षमता

या दोन संज्ञांची गल्लत प्रत्यक्ष कामावर वारंवार होते व तीतूनच ‘सेन्सर बिघडला’ अशा अनेक चुकीच्या तक्रारी उद्भवतात. चारही चाकांना गती असलेल्या खडबडीत जमिनीवरील बूम लिफ्टची चढण क्षमता ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २० अंशांहून अधिक असू शकते. मात्र ती बूम पूर्ण मिटलेला असताना, केवळ यंत्र एका जागेहून दुसरीकडे नेण्यापुरती असते. बूम उचलून काम करण्याची कल मर्यादा तिच्या मानाने फारच कमी असते. यंत्राचे मॉडेल आणि ज्या देशाच्या नियमांनुसार ते बनले तो देश यांनुसार ही मर्यादा सामान्यतः ३ ते ५ अंशांच्या दरम्यान आढळते. नेमका आकडा यंत्रावरील पट्टीवर कोरलेला असतो आणि निदान करताना तोच ग्राह्य धरावा लागतो.

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या परिसरात या आकड्यांची कल्पना चांगली येते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील रेल्वेमार्ग १:३७ इतक्या चढाचा आहे. जड गाड्यांना तेथे जादा इंजिने जोडावी लागतात. तरीही अंशांत मोजल्यास हा चढ केवळ दीड अंशांच्या आसपास भरतो. ३ अंशांचा उतार म्हणजे १:१९ आणि ५ अंशांचा म्हणजे साधारण १:११. शेडच्या दारातील उतरंड, रस्त्याकडेचा भराव किंवा ट्रकसाठी केलेला मुरमाचा चढ सहज एवढा असतो, आणि डोळ्याला तो जवळजवळ सपाटच वाटतो. घाटमाथ्यावर सभोवतीचे डोंगर तिरपे असल्याने क्षितिजावरून सपाटपणा ताडणे आणखीच अविश्वसनीय ठरते. सबब ‘जमीन सपाट आहे’ हे ऑपरेटरचे विधान मोजमापाशिवाय स्वीकारू नये.

संवेदकाचे प्रकार

जुन्या यंत्रांत पाऱ्याचा किंवा लोलकाचा साधा स्विच असे. कल मर्यादेच्या आत असेपर्यंत त्यातील मंडल जोडलेले राही आणि मर्यादा ओलांडताच ते तुटे. अशा रचनेत एखादी तार तुटली तरी यंत्राला ‘कल आहे’ असेच वाटते व ते थांबते, म्हणजे दोष सुरक्षित बाजूला झुकतो. परंतु त्याच दोन तारा एकमेकींना जोडल्या तर संवेदक कायमचा गप्प होतो. या रचनेचे सर्वांत मोठे वैगुण्य हेच होय.

त्यानंतर विद्युत्-अपघटनी संवेदक आले. त्यांत काचेच्या कुपीत वीजवाहक द्रव व धातूचे अग्र असतात आणि द्रवाची पातळी बदलली की अग्रांमधील रोध बदलतो. त्याला प्रत्यावर्ती प्रवाह द्यावा लागतो, कारण एकदिश प्रवाहाने द्रवाचे अपघटन होऊन मोजमाप हळूहळू ढळते.

अलीकडील यंत्रांत सूक्ष्म-यांत्रिक त्वरणमापक वापरले जातात. सिलिकॉनच्या तुकड्यात कोरलेले अतिसूक्ष्म वस्तुमान गुरुत्वाकर्षणामुळे किंचित सरकते, त्यामुळे धारकता बदलते आणि त्यावरून कोन काढला जातो. दोन काटकोनी दिशांतील कल, म्हणजे पुढेमागे आणि उजवीडावीकडे, एकाच डबीत मोजला जातो. मात्र त्वरण आणि कल यांतील भेद हा संवेदक जाणू शकत नाही. यंत्राचा ब्रेक दाबल्यावर ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे मंदन झाले, तरी त्याला जवळजवळ ३ अंशांचा कल भासतो. म्हणून नियंत्रक काही काळाची सरासरी घेऊन मगच इशारा देतो. चालू-थांब करताना क्षणभर वाजणारा भोंगा त्यामुळे नेहमीच बिघाडाचा पुरावा ठरत नाही. संवेदकाची पकड सैल झाली असता मात्र असे क्षणिक इशारे वाढतात.

बूम लिफ्टमध्ये संवेदक बहुधा टर्नटेबलवर बसवलेला असतो, सिझर लिफ्टमध्ये तो चासिसवर असतो. काही बूम लिफ्टमध्ये दोन संवेदक किंवा एकाच डबीत दोन स्वतंत्र मापनशाखा असतात. त्यांच्या आकड्यांत ठरावीक फरक पडला की नियंत्रक दोघांवरही अविश्वास दाखवून यंत्र थांबवतो.

निदानाची पद्धत

पहिला प्रश्न संवेदक बिघडला आहे का हा नसून यंत्र खरोखरच कलले आहे का हा असतो. बूम पूर्ण मिटवून, बास्केट रिकामी करून यंत्र काँक्रीटच्या सपाट जागेवर आणावे आणि टर्नटेबलच्या यंत्रकाम केलेल्या पृष्ठावर किंवा उत्पादकाने सांगितलेल्या जागी डिजिटल पाणसळ ठेवून दोन्ही दिशांतील कल मोजावा. पत्र्याच्या झाकणावर ठेवलेली पाणसळ उपयोगाची नसते, कारण झाकण स्वतःच वाकलेले असू शकते. त्यानंतर नियंत्रकाच्या पडद्यावर अथवा जोडता येणाऱ्या विश्लेषक उपकरणावर संवेदकाचा आकडा पाहून दोहोंची तुलना करावी.

दोन्ही आकडे जुळले आणि ते मर्यादेबाहेर असले, तर संवेदक निर्दोष आहे व कारण यंत्रात शोधावे लागते. एका चाकात हवा कमी असणे, एकीकडचे चाक भिजलेल्या भरावात रुतणे, हेलकावा घेणाऱ्या आसाला जागीच धरून ठेवणाऱ्या सिलिंडरमधून तेल गळणे ही त्यांतील नेहमीची कारणे होत. टर्नटेबलच्या बेअरिंगमध्ये झीज झाली असेल तर बूम लांबवताना किंवा उचलताना कलाचा आकडा हळूहळू बदलतो. अशा वेळी संवेदक बदलून काहीच साध्य होत नाही. उलट तो एका गंभीर यांत्रिक दोषाची पूर्वसूचना देत असतो.

आकडे जुळत नसल्यास उलट-फेर चाचणी करावी. गवंडी पाणसळीचा खरेपणा तपासताना ती जागीच उलट ठेवून बुडबुडा कोठे जातो ते पाहतो, तेच तत्त्व येथे लागू पडते. संवेदक टर्नटेबलवर असल्यास चासिस न हलवता टर्नटेबल १८० अंशांनी फिरवावे. कल खरा असेल तर आकडा तेवढाच राहून त्याचे चिन्ह उलटते. समजा, पहिल्या स्थितीत आकडा +२.४ अंश आणि फिरवल्यावर -१.२ अंश आला. दोहोंच्या बेरजेचे निम्मे, म्हणजे ०.६ अंश, ही संवेदकाची शून्यचूक ठरते आणि दोहोंच्या वजाबाकीचे निम्मे, म्हणजे १.८ अंश, हा जमिनीचा खरा कल ठरतो. या चाचणीला पूर्ण सपाट जमिनीचीही गरज नसते, हा तिचा मोठा गुण आहे. ९० आणि २७० अंशांवरही आकडे घेतले म्हणजे दुसऱ्या दिशेची मापनशाखा तपासली जाते. उतारावर उभ्या यंत्राचे टर्नटेबल पूर्ण फिरवूनही आकडा जराही बदलत नसेल, तर तो मोजलेला आकडा नसून अडकलेला किंवा नियंत्रकाने गृहीत धरलेला आकडा असतो. संवेदक चासिसवर असल्यास टर्नटेबल फिरवून उपयोग नाही. त्या वेळी खुणा करून संपूर्ण यंत्र त्याच चाकखुणांवर उलट तोंडाने उभे करावे लागते.

शून्यचूक आढळली की लगेच कॅलिब्रेशन करण्याचा मोह होतो. त्यापूर्वी संवेदकाची बैठक पाहणे आवश्यक असते. सैल बोल्ट, हरवलेला वॉशर, डबीखाली साचलेला चिखल अथवा रंगाचा थर एवढ्यानेही अर्धा-एक अंशाचा फरक पडतो. १० सेंटिमीटर लांबीच्या बैठकीखाली एका टोकाला १ मिलिमीटरचा वॉशर शिरला, तर कल अर्ध्या अंशाहून अधिक दिसतो.

विद्युत तपासणी

आकडा येतच नसेल, मर्यादेबाहेर येत असेल किंवा मधूनमधून नाहीसा होत असेल तर तारांची तपासणी करावी. प्रथम संवेदकाच्या कनेक्टरवर पुरवठा व्होल्टेज आणि अर्थिंग पाहावे. अर्थिंगची तपासणी केवळ ओहम मोजून न करता मंडल चालू असताना अर्थच्या तारेवर किती व्होल्टेज पडते ते मोजून करणे अधिक खात्रीचे असते. अनुरूप संकेत देणाऱ्या अनेक संवेदकांत शून्य कलाला मधले व्होल्टेज मिळते. उदाहरणार्थ, ०.५ ते ४.५ व्होल्टच्या प्रकारात ते २.५ व्होल्ट असते. संकेत ० व्होल्टच्या अगदी जवळ किंवा पुरवठ्याएवढा असल्यास तो कल नसून तुटलेली अथवा चिकटलेली तार समजावी.

संवेदक कॅन वाहिनीवर जोडलेला असल्यास वीजपुरवठा बंद करून वाहिनीच्या दोन तारांमधील रोध मोजतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक समांतर असल्याने तो सुमारे ६० ओहम यायला हवा. १२० ओहम आल्यास एक रोधक सुटला आहे किंवा वाहिनी मध्येच तुटली आहे. शून्याच्या जवळ आल्यास दोन तारा कोठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. एकाच वेळी अनेक घटकांशी संपर्क तुटल्याची नोंद दिसत असेल, तर टिल्ट सेन्सरला दोष देण्यापूर्वी वाहिनी, बॅटरी आणि टर्नटेबलच्या मध्यातून जाणारी स्लिप रिंग किंवा तारांची जुडी तपासावी.

मधूनमधून येणारा दोष शोधण्यासाठी आकडा पडद्यावर ठेवून तारांची जुडी थोडी थोडी हलवत जाणे ही जुनीच पण परिणामकारक रीत आहे.

पावसाळी प्रदेशातील विशेष अडचणी

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गोंदे-वाडीवऱ्हे औद्योगिक पट्टा आणि समृद्धी महामार्ग यांमुळे या तालुक्यात उंच शेडची व रस्त्यांची बरीच बांधकामे झाली आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला व त्यात इगतपुरीजवळील सुमारे ८ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा आहे. शेडचे पत्रे व फॅब्रिकेशन, तसेच बोगद्यांतील दिवे, पंखे आणि केबल यांची देखभाल ही उंचावरील कार्यमंचांची ठरीव कामे आहेत. अशा हवामानात टिल्ट सेन्सरचे दोष विशिष्ट रूपाने दिसतात.

कनेक्टरचे रबरी सील कडक झाले किंवा न वापरलेल्या छिद्राची खुंटी हरवली की पाणी आत शिरते आणि पितळी पिनांवर हिरवा गंज चढतो. सकाळी धुक्यात अडणारे यंत्र दुपारी वाळल्यावर ठीक चालते. मेकॅनिक पोहोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो व ‘काही सापडले नाही’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात दोषाच्या वेळची हवा, वेळ व आदल्या दिवशी यंत्र धुतले होते काय हे विचारल्यास कारण बहुधा हाती लागते. दाबाच्या पाण्याने यंत्र धुताना नियंत्रकाच्या कप्प्यावर थेट फवारा मारणे हे पावसाइतकेच नुकसानकारक आहे. गंजलेल्या पिना केवळ स्प्रे मारून न सोडता त्या बदलाव्यात आणि सीलही नवे घालावे.

दुसरी अडचण जमिनीची. कोरडा असताना टणक वाटणारा मुरमाचा भराव संततधारेत मऊ होतो व चाक हळूहळू खचते. सकाळी १ अंश दाखवणारे यंत्र त्याच जागी तासाभराने ४ अंश दाखवू शकते. हा संवेदकाचा ‘ढळणारा आकडा’ नसून खरा कल असतो. पाणसळीशी तुलना केल्याशिवाय हा भेद करता येत नाही.

कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला ‘ही स्थिती शून्य समज’ असे सांगणे. नियंत्रक त्या क्षणी जमीन खरोखर सपाट आहे की नाही हे पडताळू शकत नाही. २ अंशांच्या उतारावर कॅलिब्रेशन केले, तर ५ अंशांची मर्यादा एका बाजूला ७ अंशांची व विरुद्ध बाजूला ३ अंशांची होऊन बसते. सपाट जागेवर असे यंत्र २ अंश दाखवते, पण भोंगा वाजत नसल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. वरच्या परिच्छेदांत सांगितलेला न दिसणारा दोष बहुधा असाच, दुरुस्तीतूनच, निर्माण होतो. म्हणून कॅलिब्रेशन मोजून खात्री केलेल्या सपाट जागेवर, उत्पादकाच्या पुस्तिकेतील क्रमाने आणि संवेदक, नियंत्रक किंवा बैठक बदलल्यावरच करावे. त्यानंतर उलट-फेर चाचणी पुन्हा करणे इष्ट होय.

कॅलिब्रेशननंतर मर्यादेची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी लागते. बूम मिटलेला, बास्केट रिकामी आणि नियंत्रण खालच्या पॅनेलवरून, अशा स्थितीत यंत्राची एक बाजू उत्पादकाने सांगितलेल्या जाडीच्या ठोकळ्यांवर चढवून पट्टीवरील आकड्याला भोंगा वाजतो की नाही हे चारही दिशांना पाहतात. दोन चाकांमधील अंतर २ मीटर असेल तर ५ अंशांसाठी एकीकडची चाके सुमारे साडेसतरा सेंटिमीटर उचलावी लागतात. बास्केटमध्ये माणूस ठेवून ही चाचणी करणे सर्वथा वर्ज्य आहे.

संवेदक बायपास करणे

काम अडल्यावर कनेक्टरमध्ये तारेचा तुकडा अडकवून किंवा संवेदकाची डबी सोडवून ती सपाट स्थितीत बांधून ठेवून यंत्र चालू करण्याचे प्रकार घडतात. डिजिटल संवेदकाच्या यंत्रांत तारेची युक्ती चालत नाही, परंतु डबी सोडवण्याची चालते. भाड्याने आलेले यंत्र ताब्यात घेताना संवेदकाचे बोल्ट, त्यांवरील रंगखूण आणि कनेक्टरमागे नव्याने जोडलेल्या तारा पाहणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. कामाच्या प्रत्येक पाळीपूर्वी घ्यावयाच्या कार्यचाचणीत टिल्ट सेन्सरचा समावेश असतो. काही यंत्रांत संवेदकाची डबी हाताने दाबून कलवण्याची सोय याचसाठी ठेवलेली असते.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलयंत्रांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा संपूर्ण तपासणी करण्याची व तिची नोंद ठेवण्याची पद्धत घालून दिली. या नोंदीत ‘टिल्ट सेन्सर ठीक’ एवढाच शेरा असण्यापेक्षा चारही दिशांतील आकडे लिहिलेले असतील, तर पुढील वर्षी त्यांच्याशी तुलना करून हळूहळू वाढणारी शून्यचूक ओळखता येते.

उंचावर असताना इशारा मिळाल्यास

बास्केट वर असताना भोंगा वाजल्यास तो खरा मानूनच खाली यावे, निदान नंतर करावे. अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत याचा क्रम बास्केट उताराच्या कोणत्या बाजूला आहे यावरून ठरवलेला आहे. बास्केट चढाच्या बाजूला असेल तर आधी बूम खाली आणून मग तो आत घेतात. बास्केट उताराच्या बाजूला असेल तर आधी बूम आत घेऊन मग खाली आणतात, कारण त्या बाजूला बूम लांबलेला असतानाच खाली आणल्यास भार आधाररेषेच्या आणखी बाहेर जातो. दोन्ही प्रसंगी खाली येताना टर्नटेबल फिरवू नये. बूम पूर्ण मिटल्यावरच यंत्र सपाट जागी हलवावे.